जीवन आणि विष : पाण्याचे गुणधर्म व आपले जलाशय

संस्कृत कोशकारांनी पाण्याला अनेक नावे दिली आहेत. त्यांपैकी 'जीवन' हे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच कोशांत 'विष' या शब्दाचाही एक अर्थ 'पाणी' असा दिलेला आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात नसते. एकाच पदार्थाला ही दोन परस्परविरोधी नावे का मिळाली असावीत, याचे भाषाशास्त्रीय उत्तर विद्वानांनी द्यावे. परंतु बालरोगतज्ज्ञाला या जोडीचे नवल वाटत नाही. अतिसाराने सुकलेल्या बालकाला वाचवते ते पाणीच आणि त्याला अतिसार देणारे असते तेही बहुतेक वेळा पाणीच.

या स्मरणिकेच्या वाचकांत डॉक्टर आहेत, तसेच समाजबांधवही आहेत. म्हणून पाण्याच्या गुणधर्मांचा विचार केवळ पाठ्यपुस्तकातील रसायनशास्त्र म्हणून न करता, हेच गुणधर्म तलावातील मासा आणि पाळण्यातील मूल या दोघांनाही कसे सांभाळतात, हे येथे पाहावयाचे आहे. मुख्य मुद्दा एकच आहे : पाणी निवड करीत नाही. ज्या गुणांमुळे ते जीवन देते, नेमक्या त्याच गुणांमुळे ते रोग आणि मृत्यूही वाहून आणते. निवड करण्याची जबाबदारी माणसाची आहे.

रेणूचा वाकडेपणा

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. हे तीन अणू एका सरळ रेषेत असते, तर पृथ्वीवर आपल्याला माहीत असलेली जीवसृष्टी निर्माण झाली नसती. ते सुमारे १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेले असतात. ऑक्सिजनचा अणू इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे अधिक ओढतो. त्यामुळे रेणूच्या एका बाजूस किंचित ऋण आणि दुसऱ्या बाजूस किंचित धन प्रभार राहतो. एका रेणूची धन बाजू शेजारच्या रेणूच्या ऋण बाजूकडे आकर्षिली जाते. यालाच हायड्रोजन बंध म्हणतात. हा बंध दुबळा असतो, क्षणात तुटतो आणि क्षणात पुन्हा जुळतो. पण अशा असंख्य बंधांमुळे पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात. पुढे ज्या गुणधर्मांचा उल्लेख येईल, ते सर्व या धरून राहण्यातून आणि त्या वाकडेपणातून उद्भवतात.

उष्णता सोसण्याची ताकद

एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास एक कॅलरी उष्णता लागते. माती व दगड यांना याच्या साधारण पाचवा हिस्सा पुरतो. म्हणून मे महिन्याच्या दुपारी माळव्यातील काळी माती पायाला चटके देते, तेव्हाही तलावाचे पाणी सोसवण्याजोगे असते. ज्या जिवांना स्वतःचे तापमान राखता येत नाही, त्या माशांना, बेडकांना आणि शंख-शिंपल्यांना हे संथपणे तापणारे व संथपणे निवणारे पाणी म्हणजे मोठा आधार होय.

पाण्याची वाफ होण्यास याहून कितीतरी अधिक उष्णता लागते. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी खर्ची पडतात; त्वचेच्या तापमानास हा आकडा आणखी थोडा मोठा असतो. घामाने शरीर निवते ते यामुळेच, आणि मडक्यातले पाणी गार होते तेही यामुळेच. नवजात अर्भकाच्या बाबतीत मात्र हाच गुण घातक ठरू शकतो. गर्भजलाने भिजलेले अर्भक जन्मतःच कोरडे केले नाही, तर त्याच्या अंगावरील पाण्याची वाफ होताना त्याची उष्णता झपाट्याने जाते. त्याच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते. म्हणून बाळ जन्मताच ते मऊ कोरड्या कापडाने पुसून आईच्या उराशी ठेवणे, हा नवजात शिशुशास्त्राचा पहिला धडा आहे. 

प्रौढ माणसाच्या वजनात पाणी सुमारे ६० टक्के असते, पूर्ण दिवसांच्या अर्भकात ते ७५ टक्क्यांच्या आसपास असते आणि अपुऱ्या दिवसांच्या अर्भकात त्याहूनही अधिक. मूल जितके लहान, तितके ते 'जलमय' असते आणि पाण्याची तूट त्याला तितकीच लवकर भोवते. जुलाब-उलट्यांनी मोठा माणूस थकतो, तान्हे मूल मात्र काही तासांत धोक्याच्या रेषेपाशी पोहोचते.

असंगत आचरण

बहुतेक द्रव थंड होताना आकुंचन पावतात आणि गोठल्यावर अधिक जड होतात. पाणी ४ अंश सेल्सिअसपर्यंत हा नियम पाळते आणि त्यानंतर उलट वागते. त्याखाली ते प्रसरण पावू लागते आणि बर्फ झाल्यावर त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. यालाच पाण्याचे असंगत आचरण म्हणतात. या आचरणामुळे बर्फ तरंगतो, थंड प्रदेशातील तळी वरून गोठतात आणि बर्फाच्या दुलईखाली मासे हिवाळा काढतात.

आपल्याकडे तलाव गोठत नाहीत, मग या गुणाशी आपला संबंध काय, असा प्रश्न पडेल. संबंध आहे, पण निराळ्या रूपात. पाण्याची घनता तापमानानुसार सर्वत्र सारख्या प्रमाणात बदलत नाही. ४ ते ५ अंशांमध्ये जो फरक पडतो, त्याच्या कितीतरी पट फरक २९ ते ३० अंशांमध्ये पडतो. म्हणून उष्ण प्रदेशातील खोल जलाशयांत पृष्ठभागाचे पाणी थोडेसे जरी अधिक तापले, तरी ते हलके होऊन वरच तरंगत राहते आणि तळाच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही. वरच्या थराला हवेतून प्राणवायू मिळतो, तळाला मिळत नाही. थंडीच्या रात्री पृष्ठभागाचे पाणी निवून जड झाले आणि वारा सुटला की ही उतरंड मोडते व जलाशय पुन्हा एकजीव होतो. उथळ तलावात हे काम वारा वर्षभर करीत राहतो. म्हणून तलावाची उथळ कडा आणि तिच्यावरून वाहणारा मोकळा वारा या फुकट मिळणाऱ्या श्वसनयंत्रणा आहेत. काठ बांधून, भराव घालून आपण त्याच बंद करतो.

पाण्याची कातडी

पाण्याच्या पृष्ठभागावरील रेणूंना वरून ओढणारे कोणी नसते. खालचे व बाजूचे रेणू मात्र त्यांना घट्ट धरतात. त्यामुळे पृष्ठभागावर ताणलेल्या पडद्यासारखी स्थिती निर्माण होते. हाच पृष्ठताण. साध्या द्रवांमध्ये पाण्याचा पृष्ठताण विशेष मोठा आहे. लांब पायांचे पाणकीटक तळ्यावर चालतात ते या पडद्याच्या बळावर. डासाची अळीही श्वसननलिकेचे टोक या पडद्याला टेकवून खाली डोके करून लोंबकळते आणि हवेतला प्राणवायू घेते. साचलेल्या पाण्यावर तेल टाकले की हा आधार नष्ट होतो, नलिकेत तेल शिरते आणि अळी गुदमरते.

हाच पृष्ठताण अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाचा शत्रू होतो. फुप्फुसातील वायुकोशांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. त्याचा पृष्ठताण कमी करणारा स्निग्ध पदार्थ, म्हणजेच सर्फॅक्टंट, गर्भाच्या फुप्फुसात शेवटच्या आठवड्यांत पुरेसा तयार होतो. तो नसेल तर प्रत्येक उच्छ्वासाबरोबर वायुकोश मिटतात आणि प्रत्येक श्वासाला ते नव्याने उघडावे लागतात. हे श्रम त्या चिमुकल्या जिवाला पेलत नाहीत. १९५९ साली मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी या विकाराचे मूळ सर्फॅक्टंटच्या अभावात आहे हे दाखवून दिले आणि १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी बाहेरून सर्फॅक्टंट देऊन अर्भके वाचविली.

येथे एक विरोधाभास ध्यानात घ्यावा. नवजात कक्षात आपण पृष्ठताण कमी करणारा पदार्थ मोजून-मापून देतो आणि मूल वाचते. घराघरांतून कपडे धुण्याची पावडर आणि भांडी घासण्याचा साबण यांच्या रूपाने पृष्ठताण कमी करणारेच पदार्थ नाल्यात जातात, तेव्हा पाणकीटकांच्या पायाखालचा पडदा विरतो, पाणपक्ष्यांच्या पिसांवरील तेलकट थर धुऊन जातो आणि नदीवर पांढरा फेस उभा राहतो. गुणधर्म एकच, स्थान व मात्रा मात्र निराळी. औषध आणि विष यांतील भेद मात्रेचा असतो, हे वैद्यकाचे जुने तत्त्व येथेही लागू पडते.

सर्वांना सामावून घेणारा द्रावक

रेणूच्या दोन्ही बाजूंच्या प्रभारांमुळे पाणी क्षार, शर्करा, आम्ले व अनेक वायू विरघळवू शकते. रक्त, लसिका, दूध, अश्रू हे सर्व या द्रावणशक्तीचे आविष्कार आहेत. जलाशयात वनस्पतींना लागणारे नायट्रेट व फॉस्फेट, शंखांना लागणारे कॅल्शियम आणि माशांना लागणारा प्राणवायू या सर्वांची ने-आण पाणीच करते.

जलसंजीवनी, म्हणजे ओ.आर.एस., हा या गुणाचा सर्वांत सुंदर उपयोग म्हणावा लागेल. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज व सोडियम एकमेकांच्या सोबतीने शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढले जाते. जुलाबात आतड्याची बाकीची शोषणक्षमता ढासळली, तरी हा मार्ग बहुधा उघडा राहतो. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने या द्रावणाची तीव्रता कमी केली. आज लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम, तितकेच ग्लुकोज आणि एकूण २४५ मिलिऑस्मोल हे प्रमाण प्रचलित आहे. पुडी अर्ध्या पेल्यात न विरघळवता लेबलवर दिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवा, असे आपण मातांना बजावतो ते याच कारणासाठी. तीव्रता वाढली की तेच द्रावण पाणी आत आणण्याऐवजी बाहेर ओढते.

परंतु हा द्रावक चांगल्या-वाईटाची पारख करीत नाही. आपल्या शेजारच्या झाबुआ व धार जिल्ह्यांतील काही भागांत भूजल खडकांतून फ्लोराइड विरघळवून घेते. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे वाकतात. खतांतील व शौचखड्ड्यांतील नायट्रेट विहिरीत उतरते आणि त्या पाण्यात कालविलेले वरचे दूध पिणारे तान्हे मूल निळे पडू शकते. हे पाणी दिसायला नितळ आणि चवीला बहुधा निर्दोष असते. उकळल्याने त्यातील जंतू मरतात, पण फ्लोराइड व नायट्रेट जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण थोडे वाढते. 'पाणी उकळून प्या' हा सल्ला जंतूंपुरता खरा आहे, विरघळलेल्या क्षारांपुरता नाही, एवढे आपण रुग्णांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

नदीचा श्वास

आता या लेखाच्या गाभ्याकडे येऊ. एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात, २० अंश सेल्सिअसला, तो फार तर ९ मिलिग्रॅम मावतो. म्हणजे मासा ज्या हवापाण्यात जगतो, त्यात आपल्या मानाने प्राणवायू तिसावा हिस्साच असतो. शिवाय तो पाण्यातून पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो. माशाच्या कल्ल्यांत रक्त व पाणी परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात, म्हणूनच तो या तुटपुंज्या साठ्यातील मोठा भाग काढून घेऊ शकतो.

पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. ० अंशाला १४.६ मिलिग्रॅम, २० अंशाला ९.१ आणि ३० अंशाला सुमारे ७.५. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरील इंदूरला हे आकडे आणखी किंचित घटतात. उलट उष्णतेने जिवांची प्राणवायूची भूक वाढते. उन्हाळ्यात आवक कमी आणि गरज अधिक, अशा कोंडीत आपले जलाशय दरवर्षी सापडतात.

या कोंडीत सांडपाणी येऊन मिळते. मैल्यातील सेंद्रिय द्रव्य खाणारे जीवाणू पाण्यातील प्राणवायू वापरतात. या मागणीचे माप म्हणजे बी.ओ.डी. प्रक्रिया न केलेल्या घरगुती सांडपाण्याचा बी.ओ.डी. लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. आता साधा हिशेब करावा. २५० मिलिग्रॅमची मागणी असलेल्या एका लिटर मैलापाण्याला, ३० अंश तापमानाच्या, प्राणवायूने पूर्ण भरलेल्या तेहतीस लिटरांहून अधिक स्वच्छ पाण्याचा सगळा प्राणवायू पुरवावा लागतो. एका लिटरासाठी तेहतीस लिटरांचा श्वास! आपल्या देशात स्नानासाठी योग्य नदीचे निकष बी.ओ.डी. ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असे आहेत. हे निकष इतके कडक का, याचे उत्तर या त्रैराशिकात आहे.

छत्रीबागेतून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत चालत जाता येते. तेथे सरस्वती व खान या दोन नद्यांचा संगम आहे. आज शासकीय कागदोपत्री खान नदीला 'कान्ह' म्हटले जाते. होळकरांनी आपल्या पूर्वजांच्या स्मृतीसाठी नदीकाठची जागा निवडली, याचा अर्थ ती जागा तेव्हा पवित्र व रम्य होती. शहर वाढले, पावसाळी नद्यांचे मूळ प्रवाह आटले आणि त्यांची जागा सांडपाण्याने घेतली. वैद्यकाच्या भाषेत सांगायचे, तर या नदीला दीर्घकालीन प्राणवायू-न्यूनता झाली.

गुदमरलेल्या नदीतही जीव असतात. प्राणवायू संपत येताच प्रथम रोहू-कटल्यांसारखे मासे जातात. हवेतून श्वास घेऊ शकणारे मागूर व सिंगी काही काळ तग धरतात. शेवटी चिखलात उरतात ते तांबडे जंतुसदृश किडे व काही माश्यांच्या लालभडक अळ्या. त्यांचा रंग लाल असतो, कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते आणि त्याची प्राणवायूला धरून ठेवण्याची शक्ती मोठी असते. नाल्याच्या गाळात तांबडा थर हलताना दिसला, की प्रयोगशाळेत न जाताही निदान होते. त्यानंतरची पायरी प्राणवायूविना जगणाऱ्या जीवाणूंची. ते सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवितात. सडक्या अंड्याचा तो वास म्हणजे नदीचा अखेरचा घरघराट समजावा.

खान पुढे उज्जैनजवळ त्रिवेणी येथे क्षिप्रेस मिळते. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी तिचे पाणी भूमिगत नळातून वळवून स्नानघाटांच्या पलीकडे नेण्याची व्यवस्था करण्यात आली. त्याआधी २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी उचलून क्षिप्रेत सोडण्याची योजना सुरू झाली होती. सोहळ्यापुरती ही सोय समजण्यासारखी आहे; पण नळात ना सूर्यप्रकाश असतो, ना वारा, ना शेवाळ, ना खडकावरून खळाळणे. नदी स्वतःला शुद्ध करते ती याच चार साधनांनी. वाहते पाणी झाकले की त्याचा रोग लपतो, बरा होत नाही.

सिरपूरचा धडा

याच शहरात दुसरे उदाहरणही आहे. होळकरांच्या काळातील सिरपूरचे तलाव एकेकाळी अतिक्रमण व कचरा यांनी ग्रासले होते. 'नेचर व्हॉलंटिअर्स' या संस्थेचे कार्यकर्ते आणि त्यांचे अग्रणी, इंदूरचे मराठी कलावंत व छायाचित्रकार पद्मश्री भालू मोंढे यांनी वर्षानुवर्षे चिकाटी धरली आणि ते वाचविले. २०२२ साली सिरपूर व यशवंतसागर या दोन्ही जलाशयांना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींचा, म्हणजे रामसर स्थळांचा दर्जा मिळाला. मध्य भारतातील सारस क्रौंचांचे यशवंतसागर हे महत्त्वाचे आश्रयस्थान मानले जाते. जानेवारी २०२५ मध्ये रामसर करारान्वये 'पाणथळ शहर' ही मान्यता उदयपूरसह इंदूरला मिळाली. भारतात ती प्रथमच मिळत होती.

सिरपूरला हिवाळ्यात बदके उतरतात ती आपल्या मानपत्रांमुळे नव्हे. तेथे पाण्यात प्रकाश शिरतो, प्रकाशात सूक्ष्म वनस्पती व पाणवनस्पती प्राणवायू निर्माण करतात, त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी, त्यांच्यावर मासे आणि माशांवर पक्षी जगतात. काठावरची लव्हाळी व बेशरमीची झुडपे हटवायची की ठेवायची यासारखे साधे निर्णयही या साखळीला लागतात. फॉस्फेट अधिक आले तर शेवाळ व जलपर्णी माजते. दिवसा प्राणवायू भरपूर असतो, पण रात्री प्रकाश नसताना सारेच तो वापरतात आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. मृत माशांची बातमी बहुधा सकाळीच येते, ती यामुळे.

जलाशयातील जीव आणि आपले रोग

जलपरिसंस्था सुदृढ असणे आणि पाणी पिण्यास निर्धोक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही सांगितले पाहिजे. स्वच्छ नैसर्गिक तळ्यातही 'सायक्लॉप्स' नावाचा सूक्ष्म कवचधारी प्राणी असतो. तो माशांच्या पिलांचे अन्न आहे. पण नारूच्या जंताच्या अळीचा वाहकही तोच. पायविहिरींत उतरून पाणी भरण्याच्या प्रथेमुळे मध्य प्रदेशासह अनेक राज्यांत नारूने माणसे जायबंदी होत. या रोगावर ना लस निघाली, ना खात्रीचे औषध. विहिरींच्या पायऱ्या बंद करणे, हातपंप बसविणे आणि पाणी कापडातून गाळणे एवढ्याने तो हटला. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात देशातील शेवटचा रुग्ण आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. तशाच सूक्ष्म प्राण्यांना कॉलऱ्याचे जीवाणू चिकटून असतात. बांगलादेशातील खेड्यांत जुनी साडी चार-पाच घड्या घालून पाणी गाळल्यास कॉलऱ्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. माठाच्या तोंडाला फडके बांधणाऱ्या आपल्या आजींना सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता, पण हा धडा ठाऊक होता. अर्थात गाळल्याने विषाणू व सुटे जीवाणू जात नाहीत. त्यांसाठी क्लोरीन किंवा उकळणे हवेच.

इंदूरला यशवंतसागर व बिलावली यांचे पाणी अपुरे पडू लागले, तेव्हा नागरिकांनी आंदोलन केले आणि १९७८ साली सुमारे सत्तर किलोमीटरवरील जलूदहून, विंध्याद्री ओलांडून, नर्मदा शहरात आली. इतक्या कष्टाने आणलेले पाणी शेवटच्या काही मीटरांत बिघडू शकते. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, मोठ्या संख्येने माणसे आजारी पडली आणि काहींना प्राण गमवावे लागले. हे घडले ते २०२१ साली देशातील पहिले 'वॉटर प्लस' शहर ठरलेल्या आणि स्वच्छतेत वर्षानुवर्षे पहिल्या येणाऱ्या शहरात. पुरवठा खंडित असला की नळ्यांतील दाब शून्यावर येतो आणि जवळच्या नाल्याचे पाणी सूक्ष्म भेगांतून आत ओढले जाते. द्रव उच्च दाबाकडून निम्न दाबाकडे वाहतो. त्याला शहराचा क्रमांक कळत नाही.

आपले कर्तव्य

१९१८ साली होळकर दरबाराला पॅट्रिक गेडिस यांनी इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. प्लेगच्या त्या काळात त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीला शहर-स्वच्छतेच्या उत्सवाचे रूप दिले. नदीकाठ, बागा आणि आरोग्य यांचा त्यांनी एकत्र विचार केला. शंभर वर्षांनंतरही ती दृष्टी आपल्याला उपयोगी आहे. डॉक्टर म्हणून आणि समाज म्हणून आपल्याला पुढील गोष्टी सहज करता येतील.

पहिली : जुलाबाच्या प्रत्येक बालरुग्णाच्या कागदावर 'पाणी कोठले?' हा प्रश्न लिहावा. एकाच गल्लीतील तीन-चार मुले दोन दिवसांत आली, तर अहवालाची वाट न पाहता पालिकेच्या आरोग्य विभागास त्याच दिवशी लेखी कळवावे. आपल्या टेबलावरील ही नोंद प्रयोगशाळेच्या अहवालाआधी इशारा देऊ शकते.

दुसरी : नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरीन तपासण्याचा साधा संच स्वस्तात मिळतो. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन नळाशी असावयास हवा. तो एकाएकी नाहीसा झाला, तर बाहेरचे सेंद्रिय द्रव्य आत आल्याची शंका घ्यावी, कारण क्लोरीन प्रथम त्याच्याशी झुंजण्यात खर्ची पडतो. आपल्या मंडळाने प्रत्येक वस्तीसाठी एक संच घेऊन दोन तरुणांना तो वापरण्यास शिकविले, तरी मोठे काम होईल.

तिसरी : आपल्या दवाखान्यांतील उरलेली प्रतिजैविके, जंतुनाशके व प्रयोगशाळेतील द्रव मोरीत ओतू नयेत, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत त्यांची विल्हेवाट कशी लावायची, हे सांगितलेले आहे. नाल्यात गेलेले प्रतिजैविक तेथील जीवाणूंना प्रतिकार शिकविते आणि तेच जीवाणू पुढे आपल्याच अतिदक्षता विभागात भेटतात.

चौथी : गणेशोत्सवात शाडूची मूर्ती व घरच्या बादलीत विसर्जन ही प्रथा आपल्या मराठी घरांनी पुढाकाराने रूढ करावी. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही आणि रंगांतील विषारी धातू मात्र उतरतात, हा द्रावकाचा धडा मुलांना त्या निमित्ताने शिकविता येईल.

पाचवी : हिवाळ्यात एका रविवारी समाजातील मुलांना सिरपूरला न्यावे. सोबत एक भिंग आणि काचेची पारदर्शक बरणी न्यावी. सायक्लॉप्स, शेवाळाचे तंतू आणि डासांच्या अळ्या त्यांनी स्वतः पाहाव्यात. परतताना त्याच मुलांना कृष्णपुऱ्याच्या पुलावर पाच मिनिटे उभे करावे. एकाच दिवशी, एकाच शहरात, एकाच रेणूची ही दोन रूपे पाहिलेले मूल पुढे डॉक्टर होवो, अभियंता होवो की नगरसेवक, त्याला बी.ओ.डी. वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

पाण्याचे गुणधर्म आपण बदलू शकत नाही. ते विरघळविणार, वाहून नेणार आणि मिळेल तेवढाच प्राणवायू धरून ठेवणार. त्याच्या स्वाधीन काय करायचे, एवढे मात्र आपल्या हाती आहे. कोशातील कोणता अर्थ आपल्या मुलांच्या पेल्यात उतरावा, हे आपण रोज आपल्या मोरीपाशी ठरवीत असतो.